ठकी पुढे, बाकीचे मागे

काही माणसांचं बूड म्हणून कुठे टेकत नाही. ठकीची आई त्यातलीच. गाडी यायला भरपूर अवकाश होता. नवरा स्टेशनच्या बाकावर पाय लांब करून पेंगत होता, थोरला मुलगा कानात इयरफोन घालून मान डोलवत होता, आणि ही बाई खांबापासून वजनकाट्यापर्यंत आणि वजनकाट्यापासून खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होती. समोर तिकीट खिडकी होती. खिडकीसमोर रांग होती. आणि त्या रांगेत, दोन आडदांड माणसांच्या मध्ये, ठकी एकटी उभी होती.

"अहो, जाऊ का मी तिच्याजवळ?"

"नाही."

"नुसती मागे उभी राहते. बोलत नाही काही."

"तू? आणि बोलणार नाहीस?" नवऱ्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "काहीतरीच काय."

हे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. नवऱ्याच्या घराण्यात एक रीत होती. पोराला दहावं सरलं की त्या वर्षीच्या सहलीचं पुढारपण त्या पोराकडे. तिकिटं त्याने काढायची, रस्ता त्याने विचारायचा, कुठे उतरायचं, काय खायचं, कुठे झोपायचं, सगळं त्यानेच ठरवायचं. मोठ्यांनी मागून सामान वाहायचं आणि बाहेरच्या माणसाशी चकार शब्द बोलायचा नाही. कोणी काही विचारलंच तर मुकाट पोराकडे बोट दाखवायचं. नवरा स्वतः त्या वयाचा असताना भलत्याच गाडीत चढला होता आणि अख्खं घर घेऊन अशा गावी जाऊन पोचला होता की जिथे वीटभट्ट्यांशिवाय बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. त्याच्या वडिलांनी हूं का चूं केलं नाही. सगळ्यांनी सुट्टीभर विटा बघितल्या. अजून घरात चार माणसं जमली की तीच गोष्ट निघते, आणि हा माणूस आजही कुठे नवं बांधकाम दिसलं की थांबून विटेवर टिचकी मारतो. "शाळेतलं सगळं विसरलो," तो म्हणतो, "पण वीट कच्ची की पक्की ते आवाजावरून सांगीन." धंदा विचाराल तर लिफ्ट दुरुस्तीचा. विटांचा आणि त्याचा आता काडीचाही संबंध नाही.

थोरल्याचं पुढारपण दोन वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. त्याने वाटेत भेटेल त्याला इतके प्रश्न विचारले की बसच्या कंडक्टरने हात जोडले आणि स्वतःची जागा त्याला देऊन टाकली. आता ठकीचा नंबर होता, आणि ठकी परक्या माणसासमोर बोलत नव्हती.

म्हणजे मुकी नव्हती हो. घरात बोलायची. सावकाश बोलायची, मध्ये मध्ये थांबायची, पण बोलायची. पुढ्यात परका माणूस आला की मात्र तोंडात मिठाची गुळणी. शाळेतल्या बाईंनी सुट्टीआधी आईला बोलावून सांगितलं होतं, "लिहायला बसली की पहिली येते तुमची मुलगी. पण तोंडी परीक्षेत एक शब्द नाही. सुट्टीनंतर पुन्हा एकदा तोंडी घेईन मी. तेव्हाही गप्प राहिली तर त्याच वर्गात बसवावं लागेल, माझा इलाज नाही." आणि आईचा चेहरा बघून बाई पुढे म्हणाल्या होत्या, "कुठेतरी घेऊन जा तिला. चार लोकांत वावरू द्या. प्रवासात मुलं जे शिकतात ना, ते वर्गात शिकवता येत नाही आम्हाला."

तेव्हापासून आईच्या जिवाला थारा नव्हता. या सहलीत ठकीने तोंड उघडायलाच हवं होतं. नाहीतर पोरीच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात, आणि ही लहान मुलांमध्ये मान खाली घालून बसलेली. ते चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

रांग सरकली. ठकी खिडकीशी पोचली. तिने हनुवटी वर केली आणि तिथेच तिचं यंत्र बंद पडलं. आई खांबाआडून बघत होती. तेवढ्यात खिडकीमागचा चष्मेवाला कारकून वाकला, हसला आणि म्हणाला, "बंदराच्या गावाची चार ना? जंक्शनला गाडी बदलायची बरं का. ही घे."

ठकीचे डोळे एवढे मोठे झाले. तिने पाकीट पुढे केलं, तिकिटं घेतली आणि उड्या मारत बाकाकडे आली. "बाबा, मिळाली!"

"शाब्बास रे माझ्या पुढाऱ्या!" बाबा उठून बसले. आई तर अशी काही चकित झाली की बघत राहावं. नाटकात काम करणाऱ्यांना लाजवील असा चेहरा केला तिने.

आणि का नाही करणार? जन्म नाटकातच गेला होता तिचा. ती एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, वर एवढासा दिवा, आणि नटाचं वाक्य अडलं की पहिला शब्द हळूच त्याच्याकडे सरकवायचा. तो नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जाता कामा नये. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नट विसरण्याआधीच तिला कळायचं. त्याचा श्वास अडकला की हिचा शब्द तयार. एकदा मात्र एका म्हाताऱ्या नटाने पडदा पडल्यावर तिच्यासमोर संहिता आपटली होती. "अहो बाई, मी विसरलो नव्हतो! तिथे मी मुद्दाम थांबलो होतो! थांबू तरी द्याल की नाही माणसाला?" ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. चूक त्याचीच आहे असं तिला वाटत होतं, अजूनही वाटतं.

घरी तरी काय वेगळं होतं? कोणी पाहुण्याने ठकीला नाव विचारलं की आईच सांगून मोकळी. कितवीत आहेस, आईचं उत्तर. काय खाणार, आईचं उत्तर. ठकी तोंड उघडायची आणि तोवर गाडी पुढे गेलेली असायची.

तर तिकीट खिडकीतला तो कारकून नाटकातल्या दिवेवाल्याचा मेहुणा होता, आणि आदल्या दिवशीच आईने त्याला गाठून सगळं पढवून ठेवलं होतं. मुलगी येईल, निळा फ्रॉक, गळ्यात पाकीट, तिला काही विचारू नका, चार तिकिटं द्या. तेवढ्यावर ती थांबली असती तर ती कसली! बंदराच्या गावातल्या लॉजवालीलाही तिने फोन केला होता. लॉजवाली भली बाई. ती म्हणाली, बसचा कंडक्टर आमच्याच आळीतला आहे, त्यालाही सांगून ठेवते. एकदा पोरीची भीड चेपली की बोलेल आपोआप, असा आईचा हिशोब. पहिला शब्द आपण द्यायचा, पुढचं वाक्य नट म्हणतोच की.

गाडीत ठकीने खिडकी धरली. नाक काचेला लावून ती बघत होती. पडणारे सिग्नल, रुळांना फुटणारे फाटे, फाटकाशी खोळंबलेल्या सायकली. मध्येच तिने बाबांना विचारलं की रूळ बदलतात ते गाडी चालवणारा बदलतो की दुसराच कोणीतरी. बाबांना ठाऊक नव्हतं, त्यांनी तसं सांगून टाकलं. ठकीला फार आनंद झाला. बाबांना न येणारा प्रश्न सापडला होता तिला.

जंक्शन जवळ आलं तशी आईची चुळबुळ सुरू झाली. जंक्शनवर खायला घ्यायचं होतं, आणि तिथल्या स्टॉलवाल्याशी तिची काही ओळखदेख नव्हती. गाडी थांबते न थांबते तोच ती उठली. "मी जरा बाथरूमला जाऊन येते." आणि बाण सुटावा तशी सुटली. स्टॉलवाल्याला तिने धापा टाकत सांगितलं, निळा फ्रॉक, चार ब्रेडचे पुडे, चार चहा, काही विचारू नका. स्टॉलवाल्याने तिच्याकडे जरा विचित्रच नजरेने बघितलं, पण मान हलवली. ती परत आली, तर थोरल्याने बातमी दिली की पुढची गाडी कुठल्या फलाटावर ते चौकशीत विचारावं लागणार. "मी आलेच," म्हणून आई पुन्हा पसार. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंना पढवून परत आली तर ठकी स्टॉलवरून न बोलता ब्रेड आणि चहा घेऊन आली होती आणि आता हमालांच्या खोलीकडे बघत होती. आई पुन्हा निघाली.

"अगं, काय झालंय काय तुला?" नवऱ्याने तिचा हात धरला. "तिसऱ्यांदा चाललीस. पोट बिघडलंय का?"

काय सांगणार बिचारी? "हो," ती म्हणाली. "जरा बिघडलंय."

झालं. नवऱ्याने लगेच मोर्चा पुढाऱ्याकडे वळवला. "ठके, आईचं पोट दुखतंय. औषध आणायला लागेल. बघ बाई काय ते."

ठकीचा चेहरा उतरला. तिने आईकडे बघितलं, वर स्टेशनच्या पाट्यांकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता औषधाच्या दुकानाच्या दिशेने चालायला लागली. आई मागोमाग धावली. या दुकानात आधी जाऊन सांगायला सवड नव्हती. पोटदुखी तिची, दुकान तिथे समोर, आणि पोरगी पुढे. बाईची चांगलीच पंचाईत झाली.

दुकानदार म्हातारा होता, काउंटर ठकीच्या गळ्याएवढं. "काय देऊ बाळ?"

ठकीने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली. ओठ उघडले. "माझ्या…" ती म्हणाली. खरंच म्हणाली! बारीक आवाजात, पण परक्या माणसाला म्हणाली. मग ती थांबली.

आणि आईच्याने राहवलं नाही. ती ठकीच्या पाठीमागे उभी होती. सगळ्यांदेखत रीत मोडायची नाही म्हणून बोलली नाही, पण दोन्ही हातांनी पोट धरून, तोंड वेडंवाकडं करून तिने दुकानदाराला अशी काही खूण केली की तो म्हातारा हसायलाच लागला. "पोट होय! मग तसं सांग ना." त्याने मागे वळून बाटली काढली.

ठकीचं उघडलेलं तोंड मिटलं. बाटली घेऊन ती वळली तेव्हा आई शहाण्यासारखी बोर्ड वाचत उभी होती. मग त्या बाकावर बसून तिला दोन चमचे औषध प्यावं लागलं. कडू जहर. ठकीने स्वतः मोजून पाजलं, तोंड पुसलं, पाणी दिलं आणि पुढच्या गाडीत खिडकीची जागा आईला दिली. वर तिचा हात धरून बसली.

"आई," थोड्या वेळाने ठकी म्हणाली, "लोक किती चांगले असतात ना."

"का गं?"

ठकी विचार करत होती. आईने ओठ चावले. या वेळी कशीबशी थांबली ती.

"त्यांना… सांगावंच लागत नाही. आपण गेलो की त्यांना कळतं काय हवंय ते. सगळ्यांना. मला वाटायचं बोलावं लागतं."

आईच्या काळजात चर्र झालं. हे काय शिकून बसली पोरगी! बोलायला शिकवायला म्हणून आणली, आणि ही शिकतेय की जगात बोलायची गरजच नाही. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण ठकी इतकी खूश होती, आणि बाबाही तिच्या डोक्यावर टपल्या मारत होते, की आईने शब्द गिळला. पुढच्या गावी बघू, ती मनाशी म्हणाली. पुढच्या गावी मी काहीच करणार नाही. असं ठरवून तिने पायावर पाय टाकला, आणि वरचा पाय गाडी थांबेपर्यंत हलत राहिला.

मग बस. कंडक्टरने ठकीला बघताच टोपी काढून सलाम ठोकला आणि न विचारता चार तिकिटं फाडली. रस्त्याच्या कडेला झाडं लागली. ठकी काचेवर बोट ठेवून म्हणाली, "आई, ही झाडं सगळी…"

"उंच आहेत, हो ना?"

"…हो," ठकी म्हणाली.

जरा वेळाने ती मागच्या बाकावर बाबांकडे जाऊन बसली. बाबा अर्धवट झोपेतच होते, त्यांना कसली घाई? आईने कान टवकारले. "बाबा, ही झाडं सगळी…" मग बराच वेळ नुसता बसचा खडखडाट. मग ठकीचा आवाज, "…एकाच बाजूला कललीयत. म्हणजे वारा तिकडून येतो. नेहमीच. म्हणजे समुद्र तिकडे असणार."

बाबांची झोप उडाली. पुढच्याच वळणावर समुद्र दिसला, आणि होता तो तिकडेच. बाबांनी पोरीला उचलून जवळजवळ बसच्या टपाला टेकवलं. आईला मात्र कसंतरीच झालं. तिला ते वाक्य मिळालं नव्हतं.

लॉज बंदराला लागूनच होतं. खाली जेवणाची खोली, वर झोपायच्या खोल्या, जिन्यात ओल्या दोरखंडाचा वास. लॉजवालीने हसतमुखाने ठकीच्या हातात किल्ली ठेवली, ना नाव विचारलं, ना गाव. ठकीने किल्ली वर धरून सगळ्यांना दाखवली. पुढारी पुढे, बाकीचे मागे, असा लवाजमा जिना चढला.

संध्याकाळी सगळे जेवायला खाली बसले. ठकी उद्याचा बेत सांगत होती. समोरच्या बेटावर दीपगृह होतं, तिथे लाँच जायची. दीपगृहाचा दिवा फिरतो की त्याच्यापुढची काच फिरते, हे तिला बघायचं होतं. लॉजवाली सूपचं भांडं घेऊन आली, वाढता वाढता आईकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, "फोनवर सांगितलंत तस्संच केलं बरं का बाई. एक अक्षर विचारलं नाही पोरीला. बसवाल्यालाही बजावून ठेवलं होतं. बोलत नाही ना ती? माझ्या भाच्याचंही असंच होतं हो. होईल, होईल नीट." आणि मायेने ठकीची पाठ थोपटून पुढच्या टेबलाकडे गेली.

ठकीचा चमचा वाटीतच राहिला. थोरल्याने कानातलं काढलं. नवऱ्याने बायकोकडे बघितलं, आणि बायकोने मिठाच्या डबीकडे.

"तिकीटवाल्या काकांना पण?" ठकीने विचारलं.

"अगं, त्याचं काय आहे…"

"सांगितलं होतंस?"

"हो."

"ब्रेडवाल्यांना?"

"हो गं, पण मी फक्त…"

ठकी थांबली. शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची सरकवली.

"मग पोट?" ठकी म्हणाली. "पोट दुखत नव्हतं?"

आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवणाऱ्या त्या बाईला एक शब्द सुचेना.

"मी घाबरले होते," ठकी म्हणाली. "गाडीत. मला वाटलं तू मरशील." तिने गळ्यातलं पाकीट काढलं, आईच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि वर निघून गेली.

नवरा चिडायचा नाही सहसा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दारावर लाथा मारत असतात, शिव्या घालत असतात, त्यांच्याशी बोलून बोलून त्याला राग गिळायची सवय झाली होती. पण आज बाहेरच्या पायऱ्यांवर तो तिच्यावर असा काही उखडला की विचारू नका.

"माझ्या बापाने आठ दिवस विटा बघितल्या. पण माझी लाज नाही काढली त्याने."

"मी लाज काढली? तिचं भलं व्हावं म्हणून केलं मी! तिला त्याच वर्गात बसवतील त्याचं काय? तुमचं बरं आहे, डोळे मिटले की झालं."

"बसू दे की एक वर्ष. आकाश कोसळणार आहे? औषधाच्या दुकानात ती बोलत होती. मी बघत होतो लांबून. बोलत होती ती. तू मध्ये नाच केलास."

"गप्प उभी होती!"

"थांबली होती," नवरा म्हणाला. "थांबलेल्या माणसाला तू मेलेलंच समजतेस."

आईला रडू फुटलं. रडता रडता ती म्हणाली की मला नाही सहन होत हो, ती अशी उभी राहिली आणि लोक बघायला लागले की माझ्या अंगाची आग होते, वाटतं जमीन दुभंगावी. आणि हे अगदी खरं होतं. भीती पोरीला जेवढी वाटत होती त्याच्या दुप्पट आईला वाटत होती. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण चुकलीस असं म्हणायचं त्याने काही सोडलं नाही.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी उठली तर तिने रात्री वर आणून टेबलावर ठेवलेलं पाकीट तिथे नव्हतं. ते ठकीच्या गळ्यात होतं. ठकी बूट घालून, केस विंचरून दाराशी उभी होती.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "ठके, चुकलं माझं. खोटं बोलायला नको होतं. आज मी तोंड उघडणार नाही. खुणा करणार नाही. कोणाला काही सांगितलेलं नाही, अगदी तुझी शपथ."

ठकीने तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. नीट, निरखून बघितलं, आणि काही न बोलता जिना उतरायला लागली.

धक्क्यावर ही गर्दी. लाँच दोरखंडाला हिसके देत होती, इंजिन धडधडत होतं, आणि तिकिटाच्या टपरीत एक तिरसट माणूस पेन्सिल कानावर ठेवून बसला होता. ठकी रांगेत लागली. बाकीचे तिघे तिच्या मागे. आई सगळ्यात मागे. पुढची माणसं एकेक करून संपली आणि ठकीची हनुवटी टपरीच्या फळीशी आली.

"कितीजण?"

ठकी गप्प.

"बोल पटकन. कितीजण?"

ठकीची मान ताठ झाली. श्वास अडकलेला आईला मागूनही दिसला. जिभेच्या टोकावर शब्द आला, चार, एवढा साधा शब्द, सांगितला असता की सगळं निभावलं असतं. तिने ओठ दातांखाली दाबले. नखं तळव्यात रुतवली. मागे कोणीतरी चुकचुकलं. एक बाई म्हणाली, "अहो, बरोबर मोठं माणूस नाही का कोणी?" आणि सगळी रांग वळून आईकडे बघायला लागली. हीच ती वेळ, जिला ती इतकी वर्षं भीत आली होती. तरी तिने हात वर केला आणि रीतीप्रमाणे मुकाट ठकीकडे बोट दाखवलं.

तिरसट माणसाने कानावरची पेन्सिल काढली. "लाँच थांबायची नाही हं. चौघं दिसताय. चार देऊ?"

"नाही," ठकी म्हणाली.

आवाज स्पष्ट होता. आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. बोलली! परक्या माणसाशी, भर गर्दीत, कोणी न सांगता बोलली! तिला ओरडावंसं वाटलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

"मग किती?"

"तीन. आई इथेच थांबणार आहे."

"का गं?" तिरसट माणूस पहिल्यांदाच फळीवरून वाकून बघायला लागला. "आईला दीपगृह नाही दाखवायचं?"

ठकी पुन्हा थांबली. इंजिन धडधडत होतं. नवरा मागे वळून आईकडे बघत होता, थोरला खाली बघत होता. आणि आई वाट बघत होती. पोरीच्या पुढच्या वाक्याची तिने जन्मात कधी इतकी वाट बघितली नव्हती.

"दाखवायचंय," ठकी म्हणाली. "पण ती असली की मला बोलता येत नाही."

"असं होय," तिरसट माणूस म्हणाला, आणि त्याने तीन तिकिटं फाडली.

नवरा दोन पावलं आईकडे आला. त्याचा चेहरा कावराबावरा झाला होता. "अगं, मी समजावतो तिला. एक तिकीट काय, आत्ता…"

"नको," आई म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचंही भान नव्हतं तिला. "पुढारी ती आहे. जा तुम्ही. अहो जा ना, लाँच सुटेल!"

ते गेले. फळीवरून चढताना ठकी सगळ्यात पुढे होती. खलाशाने दोर सोडला, लाँच धक्क्यापासून सुटली आणि मधलं पाणी रुंद व्हायला लागलं. आईने हात हलवला. थोरल्याने हलवला, नवऱ्याने तर दोन्ही हलवले. ठकीने नाही. ती रुसली होती म्हणून नव्हे. तिचं लक्षच नव्हतं. ती लाँचच्या पुढच्या टोकाशी उभी राहून, बेटाकडे हात करून, खलाशाला काहीतरी विचारत होती. मध्ये थांबत होती, पुन्हा विचारत होती, आणि तो वाकून ऐकत होता.

आई धक्क्याच्या अगदी कडेपर्यंत गेली. काय विचारत होती ते तिथून ऐकू येत नव्हतं.